बिल एकदाच जावं म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढणारं वेब ॲप्लिकेशन. जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस), आणि मागे चालणाऱ्या कामांसाठी सेलरी व कामांची रांग सांभाळणारा रेडिस. दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे २ वाजता बिलं तयार होतात आणि सभासदांना ईमेल-एसएमएस जातो. लोड वाढला म्हणून दुसरा सर्व्हर घेतला आणि त्याच महिन्यात बऱ्याच सभासदांना दोन-दोन बिलं गेली. शिवाय पहाटे आपोआप निघालेल्या बिलांवर आधीच्या महिन्याचं नाव येतं, पण सकाळी ऑफिसात येऊन हाताने काढली की बरोबर महिना येतो. तर सेलरी बीट (ठरल्या वेळी काम रांगेत टाकणारा सेलरीचा भाग) सोडून साध्या क्रॉनवर (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सर्व्हरमधल्याच सोयीवर) जावं, की आणखी काही घ्यावं?

आधी आज रात्रीपुरता उपाय. दोन्ही सर्व्हरवर वर्कर, म्हणजे रांगेतली कामं करणारी प्रोसेस, सुरू करताना तुम्ही बीटही त्याच कमांडमध्ये, 'बी'च्या पर्यायाने, सुरू करत असणार. एक सर्व्हर होता तोवर ते खपून गेलं. आता दोन बीट आहेत, आणि १ तारखेचे २ वाजले की दोघेही आपापलं टास्क रांगेत टाकतात. त्यांना एकमेकांची कल्पनाच नसते. एका वेळी एकच बीट चालू ठेवा आणि प्रॉडक्शनमध्ये तो वर्करमध्ये घालू नका, असं सेलरीच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं आहे. दुसऱ्या सर्व्हरवरचा बीट बंद करा, की येत्या १ तारखेची दुहेरी बिलं बहुतेक टळतील.

महिन्याच्या नावाचं कारण वेगळं आहे. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १ एप्रिलचे पहाटेचे २ वाजतात तेव्हा यूटीसीत ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. सेलरीला तुम्ही एशिया/कोलकाता हा टाइमझोन दिलेला असेल, म्हणून टास्क वेळेवर चालतं. पण टास्कच्या आत जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलमधल्या 'नाऊ'वरून थेट तारीख काढली असेल, तर ती यूटीसीची तारीख असते. सकाळी साडेपाचच्या आधी ती रोजच कालची असते आणि १ तारखेला तर मागच्या महिन्याची. त्या जागी 'लोकलडेट' वापरा, आणि सेटिंग्जमधला टाइमझोन अजून यूटीसीच असेल तर तोही बदला. खरं तर त्याहून बरं हे, की टास्कने आजची तारीख स्वतः काढूच नये. कोणत्या महिन्याचं बिल काढायचं हे त्याला बाहेरून सांगावं. म्हणजे एप्रिलचं राहिलेलं बिल ४ मे रोजी काढायची वेळ आली तरी त्यावर एप्रिलच येईल, आणि कोडची चाचणी घ्यायलाही सोपं.

आता मूळ प्रश्न, क्रॉन की बीट. यात मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. साधन बदलून हा दोष जाणार नाही. बीट एकच ठेवला तरी काम कधीतरी दोनदा होईलच. नवीन डिप्लॉयच्या वेळी जुनी आणि नवी प्रोसेस मिनिटभर एकत्र चालते. रेडिस वापरताना सेलरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेल्या टास्कची पोच यायची वाट बघण्याची मुदत, मुळात १ तासाची असते. काम संपल्यावर पोच द्यायची, असं सेटिंग तुम्ही केलं असेल आणि बिलांचं टास्क तासाहून जास्त चाललं, तर तेच टास्क दुसऱ्या वर्करला पुन्हा दिलं जातं. दोन तासांनी चालवा असं सांगून आत्ताच रांगेत ठेवलेल्या टास्कचंही तेच होतं. कुबेरनेटिसचे (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेचे) क्रॉनजॉब घेतले तरी त्यांच्या कागदपत्रांत सरळ कबुली आहे, की क्वचित एका वेळेसाठी दोन जॉब तयार होतील किंवा एकही होणार नाही, म्हणून तुमचं काम पुन्हा चाललं तरी बिघाड न करणारं ठेवा.

आणि 'एकही होणार नाही' हा भाग दोनदा होण्याइतकाच वाईट. बरोबर २ वाजता सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर साधा क्रॉन ती वेळ सोडून देतो; मागाहून आठवण ठेवून तो काही करत नाही. मग पुढची संधी थेट पुढच्या महिन्याच्या १ तारखेला.

म्हणून मी वीसेक वर्षं ही कामं करताना एकच गोष्ट धरून बसलो आहे: घड्याळाने फक्त उठवावं, काय करायचं ते डेटाबेसला विचारावं. सोसायटीचे जुने खजिनदार आठवा. 'आज १ तारीख, म्हणून चाळीस पावत्या फाडतो' असं ते करत नसत. ते रजिस्टर उघडत, चालू महिन्याच्या रकान्यात कोणाच्या नावापुढे नोंद नाही ते बघत आणि तेवढ्याच पावत्या लिहीत. मधे कोणी चहाला बोलावलं, परत येऊन बसले, तरी कोणाची पावती दोनदा फाटत नसे आणि कोणाची राहतही नसे. १ तारखेला आजारी पडले तर ३ तारखेला तेच रजिस्टर उघडत. आपलं टास्क अगदी तसं लिहायचं.

प्रत्यक्षात ते असं होतं. बिलांच्या टेबलवर सदनिका आणि बिलाचा महिना या दोन्हींवर मिळून युनिक कॉन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारं बंधन) टाका. बिल घालताना 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' वापरा, म्हणजे तसं बिल आधीच असेल तर डेटाबेस तक्रार न करता ते सोडून देतो. दोन वर्कर एकाच क्षणी एकाच फ्लॅटचं बिल घालायला आले, तर पोस्टग्रेस दुसऱ्याला थांबवतो, पहिल्याचं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या नोंदींचा गट) कमिट, म्हणजे पक्कं, होऊ देतो आणि मग दुसऱ्याची ओळ गाळतो. हे काम डेटाबेसने करायचं आहे. 'बिल आहे का ते बघ, नसेल तर घाल' असं पायथॉनमध्ये लिहिलं, तर बघणं आणि घालणं यांच्या मधल्या फटीत दुसरा वर्कर शिरतोच.

मग टास्क महिन्यातून एकदा न चालवता दर पंधरा मिनिटांनी चालवा. ते एवढंच विचारेल: ज्यांची बिलाची तारीख येऊन गेली आहे आणि ज्यांचं या महिन्याचं बिल अजून नाही, असे फ्लॅट कोणते? योग्य इंडेक्स असेल तर महिन्यातले बाकीचे सगळे दिवस हा प्रश्न काही मिलिसेकंदांत रिकाम्या हाताने परत येतो. १ तारखेला सर्व्हर दोन तास बंद होता? सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांच्या आत बिलं निघतात, कोणी झोपेतून उठून काही करावं लागत नाही. एखाद्या सोसायटीने बिलाची तारीख ५ ठेवली, तर ती माहिती सोसायटीच्या नोंदीत राहते, क्रॉनच्या ओळीत नाही. कोणी ३१ ठेवली तर? क्रॉनमध्ये ३१ लिहिलं की फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर हे पाच महिने बिलच नाही. इथे मात्र 'ठरलेली तारीख आणि महिन्याची शेवटची तारीख यांतली लहान ती' एवढा एका ओळीचा नियम पुरतो.

याचा एक परिणाम मला फार आवडतो. काम असं लिहिलं की दोन्ही सर्व्हरवर वेळापत्रक चालू ठेवता येतं, ठेवावंच. एकावर तासाच्या ५, २०, ३५ आणि ५०व्या मिनिटाला, दुसऱ्यावर १२, २७, ४२ आणि ५७व्या. ज्या दुसऱ्या सर्व्हरने आज घोळ घातला, तोच उद्या पहिला बंद पडला तर बिलं काढेल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदीच्या काळात एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो. ३१ मार्चच्या रात्री बचत खात्यांवर व्याज जमा करणारा प्रोग्रॅम निम्म्यात बंद पडला, डिस्क भरली होती. ऑपरेटरने जागा मोकळी करून तो पुन्हा पहिल्यापासून चालवला. निम्म्या खात्यांना व्याज दोनदा गेलं. चूक ऑपरेटरची नव्हती. पुन्हा चालवलेलं सोसेल असं आम्ही ते लिहिलंच नव्हतं. आम्हाला कळेपर्यंत कित्येकांची पासबुकं छापून झाली होती. उलट नोंदी करायला दोन दिवस लागले. एक वयस्कर खातेदार पासबुक उघडून काउंटरवर उभे होते आणि शांतपणे विचारत होते, 'माझ्या खात्यातून पैसे का काढले?' त्यांना दाखवायला आमच्याकडे तांत्रिक कारण होतं, पण त्यांच्या दृष्टीने संस्थेने छापून दिलेला आकडा संस्थेनेच पुसला होता. त्यानंतर व्याजाच्या प्रत्येक नोंदीला खाते आणि कालावधी मिळून एक किल्ली दिली. तेव्हापासून पैशाचं कुठलंही काम तशा किल्लीशिवाय लिहिलेलं नाही.

व्याजावरूनच आणखी एक. तुमच्या यादीत 'थकबाकीवर रोज रात्री व्याज चढवणे' असं टास्क असेल तर ते काढून टाका. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर सरळव्याज सांगितलं आहे. दराला कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत नेमका किती हे सर्वसाधारण सभेच्या ठरावावर. रोज रात्री 'थकीत रकमेवर एका दिवसाचं व्याज' जोडत गेलात आणि थकीत रकमेत कालचं व्याज धरलं गेलं, की ते चक्रवाढ झालं. सभासदाने हिशेब मागितला तर समितीकडे उत्तर नसेल. मुद्दल, देय तारीख आणि दर हे तीन आकडे असले की कुठल्याही दिवसाचं व्याज बघतेवेळी काढता येतं. 'थकीत' हा शिक्कासुद्धा रात्री मारून ठेवायची गरज नाही. देय तारीख गेली आणि रक्कम बाकी, एवढं क्वेरीत लिहिलं की झालं. जे टास्क अस्तित्वातच नाही ते दोनदा चालत नाही आणि चुकतही नाही. नवीन माणसांचं काम तपासताना मी आधी हेच विचारतो, की हे टास्क हवंच आहे का.

आता एसएमएस आणि ईमेल. इथे गोष्ट अवघड होते, कारण युनिक कॉन्स्ट्रेंट आपल्या डेटाबेसपुरता. पाठवलेला एसएमएस परत बोलावता येत नाही. बिल तयार करणाऱ्या कोडमधून थेट संदेश पाठवू नका. बिलाची ओळ घालतानाच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, 'पाठवायचे संदेश' अशा वेगळ्या टेबलात एक ओळ घाला, आणि तिच्यावर बिल व माध्यम मिळून युनिक. बिल कमिट झालं तर संदेशाची ओळ आहेच, नाही झालं तर दोन्ही नाहीत. थेट सेलरीत टास्क टाकलं तर उलटंही होतं: वर्कर इतका चपळ असतो की कमिट होण्याआधीच ते उचलतो आणि 'असं बिल नाही' म्हणून पडतो. टास्क टाकायचंच असेल तर जँगोच्या 'ऑन कमिट'मधून टाका.

मग पाठवणारे वर्कर त्या टेबलातून बाकी ओळी उचलतील. उचलताना 'फॉर अपडेट'सोबत 'स्किप लॉक्ड' लावा, ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६पासून, पोस्टग्रेसमध्ये ते आहे. दोन वर्कर एकाच ओळीसाठी भांडत नाहीत, दुसरा पुढची ओळ घेतो. ओळीवर आधी 'पाठवत आहे' असं लिहून कमिट करा, मग एसएमएस कंपनीला कळवा, मग 'पाठवला' लिहा. मधेच प्रोसेस मेली तर ओळ 'पाठवत आहे' या अवस्थेत अडकते आणि संदेश गेला की नाही हे आपल्याला कळत नाही. ही संदिग्धता कुठल्याही साधनाने पूर्णपणे जात नाही, ती कशी हाताळायची हे कामाच्या स्वरूपावरून ठरवावं लागतं. बिलाचा ईमेल दोनदा गेला तर चालेल, जायला मात्र हवा. तो पुन्हा पाठवा. खात्यातून परस्पर पैसे वळते करायची सूचना असेल तर आपोआप पुन्हा कधीच पाठवू नका. आधी समोरच्या यंत्रणेला आपला संदर्भ क्रमांक देऊन स्थिती विचारा, उत्तर नसेल तर माणसासमोर ठेवा. एसएमएस या दोन्हींच्या मधला. मी तो पुन्हा पाठवत नाही, कारण ईमेल गेलेला असतो. आणि पहाटे २ वाजता पाठवू नका. बिलं पहाटे निघोत, पण संदेशाच्या ओळीवर 'यानंतर पाठवा' असा रकाना ठेवून सकाळी ९ लिहा. ठाण्यात फ्लॅट आणि स्वतः न्यू जर्सीत, असे सभासद तुमच्याकडे असतील. तो रकाना त्यांच्या टाइमझोनप्रमाणे भरा, आणि टाइमझोन नावाने साठवा, तासांच्या फरकाने नको. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, त्यामुळे तो फरक वर्षभर सारखा राहत नाही.

लॉकबद्दल बरेच जण आधी विचारतात, म्हणून सांगतो. एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ नये म्हणून लॉक जरूर लावा, पण बरोबरपणासाठी त्यावर विसंबू नका. रेडिसमधल्या लॉकला मुदत द्यावीच लागते, आणि ज्या दिवशी काम मुदतीपेक्षा लांबतं त्या दिवशी दुसरा आत येतो. पोस्टग्रेसचा ॲडव्हायझरी लॉक जास्त चांगला, कारण कनेक्शन तुटलं की तो आपोआप सुटतो. मात्र मधे पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शनं वाटून देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर सेशनचा लॉक भलत्याच कनेक्शनवर अडकून राहतो. तिथे ट्रान्झॅक्शनपुरता मिळणारा प्रकार वापरा. लॉकमुळे मेहनत वाचते. दुहेरी बिल अडवतो तो युनिक कॉन्स्ट्रेंट.

सगळ्या सोसायट्या एकाच टास्कच्या लूपमध्ये घेऊ नका. एका सोसायटीत क्षेत्रफळाचा रकाना रिकामा निघतो, भागाकार फसतो, आणि तिच्यानंतरच्या सगळ्या सोसायट्या बिलाविना राहतात. दर सोसायटीला एक छोटं टास्क करा. एक पडलं तर एकच पडेल, पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न होईल, आणि तासाच्या मर्यादेचाही प्रश्न उरणार नाही.

साधनाचं उत्तर आता सोपं आहे. तुमच्या जागी मी असतो तर बीट काढून टाकला असता, दोन्ही सर्व्हरवर क्रॉन किंवा सिस्टमडीचा (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर ठेवला असता, तो फक्त जँगोची मॅनेजमेंट कमांड चालवेल, आणि सेलरी पाठवण्याच्या कामापुरतं ठेवलं असतं. क्रॉन १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून आहे, आजच्या बहुतेक लिनक्सवर असतो तो १९८७च्या व्हिक्सी क्रॉनच्या वंशातला. त्याच्या खोडी आता सगळ्यांना ठाऊक आहेत, तरी नवा माणूस अडखळतोच. तुमच्या टर्मिनलमधले एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल त्याला मिळत नाहीत, म्हणून पायथॉनचा आणि प्रोजेक्टचा पूर्ण पाथ द्या. क्रॉनटॅबमधल्या कमांडमध्ये टक्क्याचं चिन्ह आलं की त्याचा अर्थ नवी ओळ असा होतो. लॉगफाइलच्या नावात तारीख घालणारे इथे हमखास फसतात. महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही दिले तर दोन्ही जुळायला हवेत असं नाही, कुठलंही एक जुळलं तरी तो चालतो. 'पहिला सोमवार' म्हणून १ ते ७ आणि सोमवार लिहिलं, तर पहिले सातही दिवस आणि वर सगळे सोमवार. ठोक ० मिनिट टाळा, त्या क्षणाला बॅकअपपासून लॉग फिरवण्यापर्यंत सगळंच सुरू होतं.

न झालेलं काम आवाज करत नाही, म्हणून पाळत वेगळी ठेवावी लागते. टास्क पडल्यावर सूचना मिळणं पुरेसं नाही; टास्क सुरूच झालं नाही तर सूचना कोण देणार? प्रत्येक फेरीच्या शेवटी बाहेरच्या एखाद्या देखरेख सेवेला हाक द्या आणि तासभर हाक आली नाही तर तिने तुम्हाला फोन करावा, असं लावा. ती सेवा तुमच्या सर्व्हरवर नसावी. शिवाय १ तारखेला सकाळी ८ वाजता एक साधी मोजणी: बिल असायला हवं असे फ्लॅट किती, बिलं किती, किती बिलांसाठी संदेशाच्या ओळी तयार झाल्या. तीन आकडे जुळले नाहीत तर टीमला मेल. 'टास्क यशस्वी' असं लॉगमध्ये दिसत असताना शून्य बिलं निघालेली मी पाहिली आहेत, क्वेरीतली एक अट उलटी लागली होती. ती मोजणीतच सापडली.

हे सगळं लावायच्या आधी एक काम उरतं. दुहेरी बिलं टेबलात असेपर्यंत युनिक कॉन्स्ट्रेंट लागणारच नाही, पोस्टग्रेस नकार देईल. ज्या जोडीतल्या एका बिलावर पैसे भरले गेले आहेत ते बिल ठेवा आणि दुसरं रद्द करा. दोन्हींवर भरले असतील तर जास्तीची रक्कम सभासदाच्या नावे जमा दाखवा. महिना चुकलेली बिलं आधी दुरुस्त करा, नाहीतर मार्चचं खरं बिल आणि मार्च असं नाव पडलेलं एप्रिलचं बिल हीसुद्धा जोडी दिसेल आणि तुम्ही खरं बिल रद्द कराल. ओळी डिलीट करू नका. सभासदाच्या हातात त्या क्रमांकाचं बिल आहे, लेखापरीक्षक ते मागेल. 'रद्द' असा रकाना ठेवा आणि युनिक इंडेक्स फक्त रद्द नसलेल्या ओळींवर लावा. असा अंशतः इंडेक्स पोस्टग्रेसमध्ये चालतो आणि 'ऑन कॉन्फ्लिक्ट'मध्ये तीच अट लिहिली की तो ओळखला जातो. तो 'कन्करंटली' तयार करा, म्हणजे तेवढा वेळ बिलांचं टेबल लिहिण्यासाठी अडून राहणार नाही. महिन्याच्या मध्यावर, १५ तारखेच्या आसपास, हे केलंत तर १ तारखेच्या आधी दोन आठवडे निरीक्षणाला मिळतील.